पिकअप गाडीस जादा दिवे : निवड व बसवणूक

धानाचा हंगाम लागला म्हणजे आपल्या झाडीपट्टींतील रस्त्यांस रात्र राहत नाहीं. हलकें धान दिवाळीच्या सुमारास निघतें, भारी धान त्यापुढें महिना-दीड महिना चालतें. आणि मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी या बाजूच्या गिरण्यांकडे व आधारभूत खरेदीच्या केंद्रांकडे पोतीं घेऊन जाणाऱ्या पिकअप गाड्यांची रीघ लागते. मोजमाप होऊन गाडी रिकामी होईपर्यंत दिवस मावळतो, आणि परतीचा तीस-चाळीस किलोमीटरांचा मार्ग अंधारांत, जंगलांतून कापावा लागतो. हाच हंगाम नाटकांचाही. वडशाच्या मंडळ्या गांवोगांवीं रात्रभर प्रयोग करतात, व पहांटे प्रेक्षक पायीं, सायकलीनें, मोटारसायकलीनें त्याच रस्त्यांनीं घरीं परततात. म्हणजे ज्या वेळीं आपला कास्तकार सर्वांत थकलेला असतो, त्याच वेळीं माणसें, गुरें आणि रानांतील जनावरें हीं तिन्ही रस्त्यावर असतात.

या भीतीपोटीं हल्लीं जो उठतो तो गाडीस जादा दिवे लावतो. तालुक्याच्या गांवीं दुकानें दिव्यांनीं भरलेलीं आहेत, व विकणारा वॅटचा आंकडा मोठ्यानें सांगतो. दिवे कोणते घ्यावे, कोठें बसवावे व कसे जोडावे, याविषयीं चार गोष्टी सभासद बंधूंपुढें मांडण्याचा विचार आहे. प्रस्तुत लेखकाचें शिक्षण मराठी शाळेपुरतें झालेलें असून आयुष्य महसूल खात्यांत नकला करण्यांत गेलें. विजेचें जें थोडें ज्ञान आहे, तें गॅरेजच्या ओट्यावर बसून, लोकांस विचारून, आणि एका चुकीची किंमत मोजून मिळविलेलें आहे. ती चूक आधीं सांगतों.

तीन वर्षांपूर्वीं माझ्या पुतण्यानें आमच्या गाडीच्या टपावर दिव्यांची लांब पट्टी बसविली. उजेड असा पडे कीं झाडाच्या शेंड्यावरचें पान मोजावें. मलाही तें आवडलें, हें लपवीत नाहीं. त्याच हिंवाळ्यांत एका पहांटे आम्ही पोतीं भरून निघालों होतों. समोरून शेजारच्या गांवचे एक गृहस्थ बायकोस मागें बसवून मोटारसायकलीवर नाटकाहून परतत होते. पुतण्यानें हेडलाइट खालीं केला, पण टपावरची पट्टी वेगळ्या बटनावर होती. ती विझवावयाचें राहिलें. ते गृहस्थ सरळ रस्त्याखालच्या चरींत गेले. बाईंस खरचटलें, त्यांचा मात्र पाय मोडला, व त्या वर्षींचें उन्हाळी धान त्यांस लावतां आलें नाहीं. आम्हीं दवाखान्याचा खर्च दिला, आणि त्यांनीं तक्रार केली नाहीं. "रस्ताच दिसेनासा झाला," एवढेंच ते म्हणाले. उजेड आमचा, अंधार त्यांचा, असा तो प्रकार झाला.

आतां हिशेब. ताशीं 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत सुमारें 16.7 मीटर जाते. समोर कांहीं दिसणें व पाय ब्रेकवर पडणें यांत दीड सेकंद धरावा. तेवढ्यांत 25 मीटर संपतात. भरलेली गाडी कोरड्या डांबरावर थांबावयास त्यापुढें आणखी 28 मीटर घेईल. एकूण 53 मीटर झाले. वेग ताशीं 40 असेल तर हाच हिशेब 29 मीटरांवर येतो, व 80 असेल तर 83 मीटरांवर जातो. आणि डिपरच्या झोतांत काळें कांबळें पांघरलेला माणूस किंवा काळी म्हैस किती अंतरावरून दिसते? फार तर तीस-चाळीस मीटर. म्हणजे डिपरवर ताशीं 60 नें जाणारा मनुष्य न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी घालीत असतो.

उजेड वाढवून हें अंतर भरून काढूं, असें म्हणणारानें एक नियम ध्यानांत घ्यावा. अंतर दुप्पट झालें कीं तोच उजेड चौथाई होतो. दुप्पट लांबचें तितकेंच स्वच्छ दिसावयास चौपट उजेड पाहिजे. दिव्यानें वेगाचा पाठलाग करणें खर्चाचें आहे; पाय सैल सोडणें फुकट आहे. जादा दिवे घेऊंच नयेत, असें माझें म्हणणें नाहीं. पण ते 40-50 च्या वेगास साह्य म्हणून घ्यावे, 80 ची परवानगी म्हणून नव्हे.

नवा दिवा विकत घेण्यापूर्वीं जुना तपासावा. आपल्याकडील बहुतेक जुन्या पिकअपांना 12 व्होल्टचे, 60/55 वॅटचे हॅलोजन दिवे असतात. चार-पांच पावसाळे गेले म्हणजे पुढील कांच किंवा प्लॅस्टिक पिवळें पडतें, आंतील आरसा काळवंडतो व वायरींच्या टोकांस हिरवा गंज चढतो. दिव्याशीं पोंचणारा दाब दहा टक्क्यांनीं उतरला कीं हॅलोजनचा उजेड सुमारें तीस टक्क्यांनीं उतरतो. पुष्कळ गाड्यांत सारा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या बारीक स्विचांतून फिरून दिव्यास जातो, व तेथेंच दाब गळतो. मिस्त्रीकडून इंजिन चालू ठेवून दिवा लावल्यावर बॅटरीवर किती व्होल्ट व दिव्याच्या टोकावर किती, हें मीटरनें मोजून घ्यावें. एक व्होल्टाहून अधिक फरक आला, तर बॅटरीपासून जाड वायर व मध्यें रिले घालून हेडलाइटच सुधारावा. आमच्या गाडीस एवढ्यानेंच निम्मी गरज भागली, आणि पट्टीच्या किमतीच्या मानानें खर्च किरकोळ आला.

दुकानदार दोन सोपे उपाय सुचवितात; दोन्ही घेऊं नयेत. एक, त्याच होल्डरांत 90/100 वॅटचा बल्ब. तो कायद्यास धरून नाहीं, व त्याच्या उष्णतेनें होल्डर वितळतो. दुसरा, हॅलोजनच्या आरशांत एलईडीचा बल्ब. आरसा ज्या जागीं तार आहे असें समजून घडविलेला असतो, त्या जागीं एलईडीचा प्रकाश निघत नाहीं. मग झोत फुटतो, वर उडतो, व समोरच्याच्या डोळ्यांत जातो. गाडी चालविणारास मात्र बॉनेटपुढील जमीन पांढरीशुभ्र दिसते व दिवा सुधारला असें वाटतें. हाच मोठा भ्रम आहे. जवळची जमीन फार उजळली कीं डोळ्याची बाहुली आकुंचन पावते, आणि लांबचा अंधार अधिक गडद होतो. रात्रीं गाडी चालविण्यास जवळचा उजेड बेताचा व दूरचा पुरेसा, असा पाहिजे.

म्हणून दिवा घेतांना वॅट विचारूं नये, झोत कसा पडतो तें विचारावें. झोताचे ढोबळ तीन प्रकार आहेत. बाणासारखा लांब व अरुंद. पाटासारखा आडवा पसरणारा व वर सरळ रेघेनें कापलेला. आणि चोहींकडे सांडणारा. तिसरा खळ्यावर किंवा शेतांत पोतीं भरतांना उपयोगाचा, रस्त्यावर नाहीं. दुसरा म्हणजे धुक्याचा दिवा. पूर्वीं बंडीच्या आसाखालीं कंदील टांगीत. तो चाकोरी दाखवी, पण समोरून येणाराच्या डोळ्यांस कधीं लागला नाहीं. धुक्याच्या दिव्याचें काम नेमकें तेंच आहे. रस्त्याची कड, खचलेली साइडपट्टी, वळणावर बसलेलें गुरूं हें सर्व तो दाखवितो. आपल्या वळणांच्या व पांदणींच्या मुलखांत एकच जोडी घ्यावयाची तर ही घ्यावी, असें माझें स्पष्ट मत आहे. पहिला, लांब झोताचा, गडचिरोलीच्या दक्षिणेकडे, आलापल्लीपासून सिरोंच्यापर्यंतच्या निर्जन व सरळ तुकड्यांवर कामाचा. पण तो अप्परबरोबरच लागला पाहिजे व डिपर करतांच आपोआप विझला पाहिजे. तशी जोडणी पुढें सांगतों.

रंगाविषयीं गैरसमज फार. पौष-माघांत वैनगंगेच्या कांठीं धुकें इतकें दाटतें कीं बैलाचें शेपूटही दिसूं नये. त्या वेळीं पिवळा दिवा धुकें भेदतो, असें सांगतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींच्या मानानें एवढे मोठे असतात कीं ते पिवळा व पांढरा दोन्ही सारखेच विखुरतात. पिवळ्याचा फायदा निराळा आहे : निळसर प्रकाश डोळ्यांस अधिक दिपवितो, पिवळसर कमी. डब्यावर केल्विनचा आंकडा असतो. 3000 च्या आसपास पिवळसर, 6000 व पुढें निळसर. निळसर घेऊं नये. तसेंच आय.पी. 67 अशी खूण पाहावी. अशा दिव्यांत धूळ जात नाहीं, व एक मीटर पाण्यांत अर्धा तास राहिला तरी पाणी शिरत नाहीं. आमच्या नाल्यांचे रपटे पाहतां ही खूण चैनीची नव्हे.

कायद्याचा भाग नोकरीच्या संवयीनें थोडा नेमका सांगतों. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 106 व्या नियमाप्रमाणें पुढील दिव्याचा झोत असा खालीं वळलेला, किंवा चालकास वळवितां येईल असा, पाहिजे कीं दिव्यापासून 8 मीटर पुढें, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूस व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, तो मनुष्य दिपूं नये. 111 व्या नियमानें गाडीच्या पुढें स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट बसविण्यास मनाई आहे. अपवादात्मक कारणासाठीं नोंदणी अधिकाऱ्याची आगाऊ संमति लागते. टपावरची पट्टी या दोन्ही नियमांपुढें उभी राहत नाहीं. ताडोबा-अंधारीच्या किंवा कोणत्याही राखीव जंगलाच्या आसपास हातानें फिरणारा सर्चलाइट गाडींत सांपडला, तर वनरक्षक शिकारीचा संशय घेईल, आणि त्यास दोष देतां येणार नाहीं. पुढील लोखंडी पिंजऱ्यासही, ज्यास गार्ड म्हणतात, 2017 च्या डिसेंबरांत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानें राज्यांस लिहून मनाई कळविली आहे. तेव्हां दिवे त्या पिंजऱ्यावर न बसवितां गाडीच्या मूळ बंपरावर बसवावे. एकदां प्रादेशिक परिवहन कचेरींत विचारून घेतलें म्हणजे पासिंगच्या वेळीं काढाघालीचा त्रास वांचतो.

टपावर दिवा नको याचें कायद्याहून मोठें कारण असें : तेथून प्रकाश प्रथम स्वतःच्या बॉनेटवर पडतो व परत डोळ्यांत येतो. धुकें, पाऊस किंवा पुढील गाडीची धूळ असेल तर चालकाच्या डोळ्यांपुढें पांढरी भिंतच उभी राहते. दिवा जितका खालीं, तितका त्याचा प्रकाश आपल्या नजरेच्या रेषेपासून दूर. धुक्याचे दिवे हेडलाइटच्या खालीं, पण जमिनीपासून 25 सेंटिमीटरांहून वर असावेत. आपल्या रस्त्यांस मी 55-60 सेंटिमीटर पसंत करतों. त्याहून खालीं दगड लागतो. दोन्ही दिवे गाडीच्या मध्यापासून सारख्या अंतरावर व होईल तितके कडेला असावेत. नंबरची पाटी झांकूं नये, आणि रेडिएटरच्या जाळीपुढें दिवा येऊं देऊं नये. उन्हाळ्यांत भरल्या गाडीनें चढ चढतांना त्याची शिक्षा मिळते. बोल्टास रबराची चकती व लॉकनट पाहिजेच. पांदणीच्या हिसक्यांनीं साधा नट आठवड्यांत ढिला होतो, आणि हलणारा दिवा डोळ्यांस विझलेल्या दिव्याहून अधिक थकवितो.

जोडणींत कंजूषपणा करूं नये. येथें केवळ दिवा जाण्याचा प्रश्न नाहीं. हीच गाडी पौषांत तणीस वाहते, आणि कोरड्या तणसास एक ठिणगी पुरे आहे. 55 वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे 110 वॅट. 12 नें भागलें तर सुमारें सव्वा नऊ अँपिअर. यास अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर व 15 अँपिअरचा फ्यूज घालावा. 20 वॅटचे दोन एलईडी असतील तर साडेतीन अँपिअरहून कमी प्रवाह लागतो, व साडेसात अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ, वीतभर अंतरांत असावा. कारण बॅटरी व फ्यूज यांच्यामधली वायर जळूं लागली तर तीस थांबविणारें कोणी नाहीं. फ्यूज पुन्हां पुन्हां उडतो म्हणून त्या जागीं तार गुंडाळणारा मिस्त्री भेटल्यास गाडी घेऊन निघून यावें. वायर पत्र्याच्या भोंकांतून जाते तेथें रबरी वेढें बसवावें, व सायलेन्सरपासून ती दूर बांधावी.

रिलेस चार टोंकें असतात व त्यांवर आंकडे कोरलेले असतात. 30 वर फ्यूजमधून आलेली बॅटरीची वायर, 87 वरून दिव्यास जाणारी, 85 जमिनीस म्हणजे गाडीच्या सांगाड्यास, व 86 वर स्विचकडून येणारी. लांब झोताच्या दिव्यांसाठीं या 86 ची वायर स्विचमधून अप्परच्या वायरीस जोडावी. मग अप्पर असेल तरच जादा दिवे लागतील, आणि डिपर करतांच बोटाच्या एकाच हालचालीनें सर्व विझतील. आमच्या गाडीस ही एक जोडणी असती, तर वर सांगितलेला प्रसंग घडता ना. जमिनीची वायर रंगावर न लावतां पत्रा खरवडून चकाकत्या लोखंडावर घट्ट करावी, व वरून ग्रीस लावावें. मागें पोतीं भरावयास दिवा लावल्यास त्याचा स्विच वेगळा ठेवावा व गाडी हलण्यापूर्वीं तो बंद करावा. मागें पांढरा दिवा पेटलेली चालती गाडी मागून येणारास समोरून येत असल्यासारखी दिसते.

आतां सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत दुर्लक्षित भाग, दिवा रोखण्याचा. गॅरेजांत रिकाम्या गाडीचा दिवा रोखतात. आपण चालवितों भरलेली. पोत्यांनीं मागचे पाटे बसतात व गाडीचें नाक वर होतें. मागचीं व पुढचीं चाकें सुमारें तीन मीटर अंतरावर असतात. मागचा भाग पुढच्या मानानें सहा सेंटिमीटर बसला, तर झोत शेंकडा दोन वर उचलला जातो. म्हणजे 50 मीटरांवर तो पूर्ण एक मीटर चढतो. 80 सेंटिमीटर उंचीवरचा डिपर, जो शेंकडा एक खालीं रोखलेला होता, तो 50 मीटरांवर 30 सेंटिमीटरांऐवजीं 130 सेंटिमीटरांवर जातो. समोरच्या मोटारींत बसलेल्या माणसाचा डोळा त्याच सुमारास असतो. "मी डिपरवरच होतों," असें शपथेवर सांगणारे पुष्कळ भेटतात, व ते खोटें बोलत नसतात.

उपाय सोपा आहे. नेहमींचीं पोतीं भरून, चाकांत योग्य हवा ठेवून, सपाट जागीं शाळेच्या किंवा गोदामाच्या भिंतीपासून 10 मीटरांवर गाडी उभी करावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्या उंचीवर खडूनें आडवी रेघ मारावी. डिपरच्या झोताची वरची कड त्या रेघेच्या 10 सेंटिमीटर खालीं, व धुक्याच्या दिव्याची 20 सेंटिमीटर खालीं आणावी. 60 सेंटिमीटर उंचीचा धुक्याचा दिवा असा रोखला म्हणजे त्याची कड 30 मीटरांवर जमिनीस लागते. ताशीं 40 च्या वेगाला तेवढें बरोबर बसतें. ज्या गाड्यांत हेडलाइट वरखालीं करण्याची चकती आहे, त्यांनीं ती भरल्यावर फिरवावी. ती कशासाठीं आहे हें मला तीन वर्षें ठाऊक नव्हतें.

शेवटीं जनावरांविषयीं. आमच्या कचेरीच्या जीपचे वृद्ध चालक म्हणत कीं रात्रीं रस्ता पाहूं नये, डोळे पाहावे. चितळ, सांबर, रोही, गवा, बिबट, वाघ, अस्वल, आणि आपलीं गाई-म्हशी या सर्वांच्या डोळ्यांत मागें आरशासारखा पडदा असतो. त्यावरून प्रकाश परततो व दोन ठिणग्या लांबूनच दिसतात. चितळाची एक जोडी दिसली कीं मागें दहा आहेत असें समजावें. पण रानडुकरास तो पडदा नाहीं. त्याचे डोळे चमकत नाहींत, अंग काळें, उंची कमी, आणि धानाच्या हंगामांत तेंच बांधींतून रस्त्यावर सर्वांत अधिक येतें. माणसाचेही डोळे चमकत नाहींत. जनावर समोर आल्यास अप्पर व जादा दिवे ताबडतोब विझवावे, गाडी थांबवावी, व डिपरवर त्यास वाट द्यावी. प्रखर झोतांत तें आंधळें होऊन जागच्या जागीं उभें राहतें. तें निर्भय आहे म्हणून नव्हे. वाघ असल्यास कांच वर घेऊन बसावें, खालीं उतरून मोबाइलनें चित्र काढण्याचा पराक्रम करूं नये.

ज्यांचे डोळे चमकत नाहींत त्यांच्यासाठीं लाल-पांढरी चमकपट्टी मिळते. आम्हीं एक गुंडाळी आणून गांवांतल्या बंड्यांच्या मागच्या फळ्यांस, सायकलींच्या मडगार्डांस व गुराख्यांच्या काठ्यांस तुकडे लाविले. नुसत्या डिपरवरही त्या बंड्या आतां चांगल्या दुरून दिसतात.

आमच्या गाडीस सध्यां सुधारलेले हेडलाइट व बंपरावर धुक्याच्या दिव्यांची एक जोडी आहे. टपावरची पट्टी काढून खळ्यावर बांबूस बांधली असून ती जुन्या बॅटरीवर चालते. मळणीस तिचा उजेड फार चांगला पडतो.